बसू द्या की!

आमच्या सोसायटीच्या गेटशेजारी एक कट्टा आहे. कट्टा म्हणजे फार काही नाही. कंपाउंडची भिंत तिथे मांडीइतक्या उंचीवर थांबते, वर कडप्पा बसवलेला आहे आणि डोक्यावर फुटपाथवरच्या गुलमोहराची सावली येते. लांबी असेल १२-१३ फूट. कोथरूडमधल्या जुन्या सोसायट्यांच्या बाहेर असे कट्टे बरेच आहेत. बिल्डरने ते कुणी बसावं म्हणून बांधले असतील असं वाटत नाही. लोकच येऊन बसायला लागले.

गेल्या मार्चपर्यंत या कट्ट्यावर दिवसभरात कोण कोण बसायचं ते मी तुम्हाला तोंडपाठ सांगू शकते, कारण माझ्या खोलीची खिडकी बरोबर त्याच्यावर उघडते. सकाळी साडेदहाला दोन घरांच्या कामांमधल्या अर्ध्या तासात तीन मावश्या डबा उघडून बसायच्या. दुपारी पुढच्या ऑर्डरची वाट बघत डिलिव्हरीची मुलं, एक पाय गाडीवर, एक कट्ट्यावर. चार वाजता शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या आया आणि एक आजोबा. पाच ते सात माझे बाबा आणि त्यांचे तीन मित्र. रात्री नवानंतर मागच्या होस्टेलची पोरं.

एप्रिलमध्ये सोसायटीची मीटिंग झाली. विषय क्रमांक चार होता, 'गेटजवळील अनधिकृत बैठक'. बाहेरचे लोक बसतात, सिगारेटची थोटकं पडतात, रात्री आवाज होतो, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? उपाय तयारच होता. कट्ट्यावर लोखंडी खिळ्यांची पट्टी ठोकायची. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा.

मी हात वर केला.

खोटं कशाला बोलू, मी तेव्हा फोनवर होते. पाचवा विषय पार्किंगचा होता, तो सुरू झाला की रात्रीचे अकरा वाजतात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि मला घरी जायचं होतं. शेजारच्या काकूंचा हात वर गेलेला दिसला म्हणून माझाही गेला. आठवड्याभरात खिळे लागले. त्या दिवशी बाबा पाच वाजता नेहमीसारखे खाली गेले आणि दहा मिनिटांत परत आले.

"काय झालं?"

"काही नाही. उभं राहून काय बोलणार?"

हा लेख त्या हाताचं प्रायश्चित्त समजा हवं तर. पण तेवढंच नाही. गेल्या वर्षभरात मी शहरात नजर लावून बघतेय, आणि माझं ठाम मत झालंय की आपली शहरं पद्धतशीरपणे माणसाला बसू देईनाशी झाली आहेत. आणि आपण, म्हणजे मी आणि बहुधा तुम्हीसुद्धा, त्याला हात वर करून संमती देतो आहोत.

तुम्ही हा लेख कदाचित उभ्यानेच वाचताय. बसस्टॉपवर असाल तर तिथे बाकड्याच्या जागी स्टीलचा गोल पाईप असेल. त्यावर बसता येत नाही, नुसतं टेकता येतं, आणि दोन मिनिटांत घसरायला होतं. मेट्रोच्या फलाटावर असाल तर मोजून चार खुर्च्या दिसतील आणि त्या भरलेल्या असतील. चहाच्या दुकानात असाल तर छातीइतक्या उंचीचं गोल टेबल पुढे असेल. पूर्वीच्या अमृततुल्यात दोन लाकडी बाकडी असायची. चहा अर्धा कप, बैठक अर्धा तास. आता गल्लोगल्ली निघालेल्या नव्या चहाच्या दुकानांतून बाकडं गेलं आणि उंच टेबल आलं. चहा तोच, नावही 'अमृततुल्य'च, पण पिऊन निघायचं. दुकानदाराचं गणित मला कळतं. जागेचं भाडं त्याला भरायचं आहे. फार जुन्या काळचं गोड चित्रही मला काढायचं नाही. इराण्याकडेसुद्धा जास्त वेळ बसू नका अशा पाट्या असायच्याच. पण पाटी वाचून न वाचल्यासारखं करता यायचं. खिळ्याला ते चालत नाही.

मग बसायचं कुठे? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. विकत. वातानुकूलित कॅफेत २५० रुपयांची कॉफी घेतली की दोन तास कुणी उठवत नाही. मॉलच्या फूड कोर्टात ट्रे पुढे ठेवला की खुर्ची आपली. ज्यांच्याकडे अडीचशे रुपये आहेत त्यांना बसण्याची अडचण आहे हे कधी कळतच नाही. मलाही कळलं नव्हतं. मित्रमैत्रिणींना भेटायचं म्हणजे कॅफे, हे माझ्या इतकं अंगवळणी पडलंय की 'भेटू या' म्हटलं की पुढचा प्रश्न 'कुठे' असतो आणि त्याचा अर्थ 'किती रुपयांत' असा असतो. महिन्याअखेरीला आम्ही भेटतच नाही. त्याला आम्ही 'बिझी आहे' म्हणतो.

ज्यांना विकत परवडत नाही त्यांनी आपापल्या जागा शोधल्या आहेत. झेड ब्रिजवर संध्याकाळी रांगेने लावलेल्या गाड्या आणि गाड्यांवर बसलेली जोडपी पुण्यात कुणाला नवीन नाहीत. त्यांच्यावर विनोद होतात, संस्कृतीच्या नावाने उसासे सोडले जातात. पण साधा प्रश्न कुणी विचारत नाही. नदीवरच्या पुलाच्या कठड्याला टेकून, डासांत, मागून गाड्या जात असताना, स्वतःच्या स्कूटरच्या सीटवर बसून कुणी प्रेम का करेल? कारण खोलीत तीन रूममेट आहेत, घरी आईवडील आहेत, बागा ठरावीक वेळेलाच उघड्या असतात आणि तिथे शिट्टीवाला वॉचमन आहे. या शहरात दोघांना शेजारी शेजारी बसायला मिळणारी एकमेव हक्काची जागा म्हणजे हप्त्यावर घेतलेली दुचाकी. त्यातल्या शौर्याला खरं तर सलाम करायला हवा.

मुंबईला समुद्र आहे म्हणून ती वाचली. मरीन ड्राइव्हचा कट्टा, शिवाजी पार्कचा कट्टा. या दोन कट्ट्यांनी त्या शहराची जेवढी माणसं शहाणी ठेवली तेवढी कुठल्या डॉक्टरांनी ठेवली नसतील. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यामागच्या आर्ट डेको इमारती २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेल्या. त्या वारशाकडे पाठ करून लोक समुद्राकडे तोंड करून बसतात, ही मला त्या जागेची सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. पण २०१८ सालीच, त्याच मुंबईत, तिथून फार लांब नाही अशा फोर्ट भागात एका बँकेने आपल्या शाखेबाहेरच्या ओट्यावर टोकदार खिळे बसवले होते. लोकांनी फोटो टाकले, आरडाओरडा केला आणि बँकेला ते काढावे लागले. तेव्हा मी कॉलेजात होते. तो फोटो मीही शेअर केला होता, वर संतापलेला इमोजी टाकून. बँकेच्या खिळ्यांवर संतापणारी मी आणि स्वतःच्या गेटवर खिळे लावायला हात वर करणारी मी, दोघी एकच.

आता ज्या शब्दाने हे सगळं चालतं त्या शब्दाकडे येऊ. रिकामटेकडा. मराठीत बसणाऱ्या माणसासाठी शिव्यांची कमी नाही. रिकामटेकडा, उनाड, ऐदी, 'कट्ट्यावरची पोरं'. 'बसून खातो' म्हणजे वाईट. 'घरी बसलाय' म्हणजे नोकरी गेली. 'धंदा बसला' म्हणजे बुडाला. जणू बसणं हाच गुन्हा. पण याच भाषेने बसायच्या जागांना किती नावं दिली आहेत बघा. ओटा, ओसरी, पडवी, पार, चावडी, कट्टा, सज्जा. यातली बहुतेक नावं घराच्या आणि रस्त्याच्या मधल्या जागेची आहेत. ना पुरती खासगी, ना पुरती सार्वजनिक. तिथे बसलेल्या माणसाला 'आत या' म्हणावं लागत नाही आणि 'जा' असंही म्हणावं लागत नाही. वाडे पडले तेव्हा ओटा गेला. मुंबईतल्या चाळींच्या जागी टॉवर उभे राहतात तेव्हा १६० चौरस फुटांच्या खोलीचं ५०० चौरस फुटांचं घर होतं, संडास घरात येतो, आणि हे व्हायलाच हवं होतं. रांगेत उभं राहण्यात कसलीही गंमत नव्हती. पण चाळीची गॅलरी गेली, तिच्या बदल्यात लिफ्टसमोरची लॉबी मिळाली, आणि लॉबीत कुणी बसलं तर वॉचमन विचारतो, "कुणाकडे आलात?" घराचे चौरस फूट मोजता आले म्हणून मिळाले. गॅलरीत बसण्याचे कुणी मोजलेच नाहीत.

यावर आमच्या सोसायटीतल्या लोकांचं म्हणणं काय ते मला माहीत आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ते म्हणतात, बायकांना असुरक्षित वाटतं. रात्री पोरं बसलेली असतात, मुली क्लासहून येतात. खरं आहे. रात्री दहाला स्कूटर लावून आत येताना त्या पोरांच्या समोरून जायचं माझ्याही जिवावर यायचं. कुणी कधी काही बोललं नाही, पण गप्पा एकदम थांबायच्या, आणि ते थांबणं पाठीवर जाणवायचं. हात वर करताना माझ्या डोक्यात कुठेतरी हेही असणार.

पण खिळे लागल्यावर काय झालं ते ऐका. होस्टेलची पोरं गेली नाहीत. ती आता तिथेच उभी असतात, गाड्यांना टेकून. वीस वर्षांच्या पोराला उभं राहायला काय लागतं? गेल्या त्या मावश्या. गेले बाबा आणि त्यांचे मित्र. गेल्या बसची वाट बघणाऱ्या आया. गुडघे दुखणारे, दमलेले, कडेवर पोर असलेले, असे सगळे गेले. म्हणजे ज्यांच्यामुळे मला त्या गेटवर बरं वाटायचं नेमके तेच आम्ही उठवले, आणि ज्यांच्यामुळे अवघडायचं ते जागच्या जागी राहिले. रात्री दहाला तिथे दोन आजोबा आणि एखादी शेंगा खात बसलेली बाई असती, तर मला त्या पोरांचं काही वाटलं नसतं. भीती कट्ट्याची नव्हतीच. तिथे एकाच जातीची गर्दी उरते तेव्हा भीती वाटते.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' हे मुंबईतल्या बायकांवरचं पुस्तक २०११ साली आलं. बायकांनी सुरक्षितता मागितली की शहर त्यांना घरी बसवतं, म्हणून मागायचंच तर विनाकारण भटकण्याचा हक्क मागा, आणि तो सगळ्यांसाठी मागा, असा त्यांचा मुद्दा आहे. मी ते कॉलेजात वाचलं होतं, खुणाही केल्या होत्या. पण माझ्या उभ्या आयुष्यात मी एकटी, काही काम नसताना, रस्त्यावरच्या एखाद्या बाकावर अर्धा तास बसले आहे असं एकदाही झालेलं नाही. दर वेळी हातात फोन, कानाला फोन, किंवा कुणाची तरी वाट बघतेय असा चेहरा. बाईने बाहेर बसायचं तर पुरावा सोबत लागतो. बाबांना कधी लागला नाही.

आणि बसण्याचा प्रश्न फक्त गप्पांचा नाही. केरळात कोळिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांना दहा-दहा, बारा-बारा तास उभं राहावं लागायचं. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही. पी. विजी यांच्या पुढाकाराने त्या एकत्र आल्या. त्यांची मागणी इतकी साधी होती की ऐकून हसू यावं आणि मग लाज वाटावी. आम्हाला बसू द्या. २०१८ साली केरळने दुकानांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि कामगारांना बसायची सोय देणं मालकावर बंधनकारक केलं. २०२१ साली तमिळनाडूनेही तशी दुरुस्ती केली. बसण्यासाठी कायदा करावा लागतो, इथवर आपण आलो आहोत. लक्ष्मी रस्त्यावरच्या जुन्या साडीच्या दुकानांत गादी असायची. गिऱ्हाईक गादीवर, विकणारा गादीवर, मध्ये साड्यांचा ढीग. आता चकचकीत शोरूममध्ये गिऱ्हाइकाला सोफा असतो आणि साडी उलगडणारी मुलगी दिवसभर उभी असते. पुढच्या वेळी गेलात की तिच्या चपलांकडे बघा. आणि तिच्याएवढाच दमलेला, दहा मिनिटांत तुमची बिर्याणी आणणारा मुलगा आमच्या गेटवर पाच मिनिटं टेकला तर त्याच्याखाली आम्ही खिळे लावले. त्याने वर पाचव्या मजल्यापर्यंत यावं अशी आमची अपेक्षा असते. खाली मात्र थांबू नये.

आता वडीलधाऱ्यांच्या आवडत्या तक्रारीकडे. तुमची पिढी फोनमध्ये डोकं घालून बसते, तुम्हाला कट्टा कशाला? मला हे उलटं वाटतं. आम्ही फोनमध्ये बसतो कारण दुसरीकडे कुठे बसता येत नाही. दिवसभरात मला शांतपणे, फुकट, कुणी न हटकता बसायला मिळणाऱ्या जागा दोन आहेत. एक ऑफिसचं टॉयलेट आणि दुसरी इन्स्टाग्राम. दोन्ही ठिकाणी आजूबाजूला खरं माणूस नसतं.

आणि कट्ट्यावर खरं काय मिळतं? तर काहीच नाही, आणि तीच त्याची मजा. बाबा एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या चौघांच्या गप्पा मी खिडकीतून वर्षानुवर्षं ऐकल्या आहेत. खंबाटकी घाटात ब्रेक कसे लागेनासे झाले ती गोष्ट मी किमान चाळीस वेळा ऐकली असेल आणि दर वेळी घाट थोडा जास्त तीव्र व्हायचा. मग कुणाच्या तरी सुनेची तक्रार, मग रक्तातली साखर, मग पाच मिनिटं कुणीच काही बोलायचं नाही. ती पाच मिनिटं मला सर्वांत आवडायची. चौघं रस्त्याकडे बघत बसलेले. एक रिक्षा गेली, एक कुत्रं गेलं. एखाद्याने "चला" म्हणायचं आणि कुणीच उठायचं नाही. घरी सोफ्यावर अशी पाच मिनिटं मिळत नाहीत, कारण घरी गप्प बसलं की आई विचारते, "बरं वाटत नाहीये का?" बोलवावं लागत नाही, चहा करावा लागत नाही, कंटाळा आला तर उठून जाता येतं, आणि कुणी आलं नाही तर दुसऱ्या दिवशी चौकशी होते. त्यांतले एक काका दोन दिवस दिसले नाहीत म्हणून हे तिघं त्यांच्या घरी गेले होते, तेव्हा ते बाथरूममध्ये पडून पाय मोडल्याचं कळलं. मुलगा बंगलोरला. असं लक्ष ठेवणारं अॅप अजून कुणी काढलेलं नाही, आणि काढलंच तर त्याला महिन्याची वर्गणी असेल.

शहराला हे जमत नाही असंही नाही. जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ रुंद करून तिथे बसायच्या जागा केल्या, तेव्हा कुणी जाहिरात केली नव्हती. लोक येऊन बसले. म्हाताऱ्या बायका, क्लासची पोरं, फुगेवाला, कुणाची तरी सासू. बसायला दिलं की लोक बसतात, हे समजायला अभ्यासगट नेमावा लागत नाही. सावली, पाठ टेकायला आधार, रात्री दिवा आणि जवळ एक स्वच्छ मुतारी, बायकांसाठीसुद्धा. सुशोभीकरणाच्या नावाखाली चौकाचौकांत जे कारंजे, पुतळे आणि 'आय लव्ह' लिहिलेली लाल अक्षरं उभी राहतात, त्यांच्या खर्चात किती बाकडी येतील ते प्रत्येकाने आपल्या नगरसेवकाला विचारावं. सेल्फी काढायला उभं राहता येतं अशा जागा पुष्कळ झाल्या.

रात्रीचा आवाज, थोटकं हे प्रश्न खरे आहेत, आणि त्यांना उत्तरंही आहेत. कचऱ्याचा डबा ठेवा. अकरानंतर आवाज करू नका असं जाऊन सांगा, तोंडाने. पण तोंडाने सांगणं आपल्याला जड जातं. त्यासाठी त्या पोरांशी बोलावं लागतं, कदाचित त्यांची नावं कळतात. खिळ्याला बोलावं लागत नाही. आमच्या सोसायटीने न बोलण्याची किंमत १४ हजार रुपये दिली, त्यात माझ्या मेंटेनन्सचाही वाटा आहे.

यंदाच्या मीटिंगसाठी मी अर्ज दिला आहे. खिळे काढावेत, कडप्पा धुऊन घ्यावा, एक डबा आणि एक दिवा लावावा. ४८ फ्लॅटपैकी सात सह्या मिळाल्या. एक सही त्या शेजारच्या काकूंची आहे. त्या म्हणाल्या, "मी तेव्हा तुझा हात बघून वर केला होता गं." अर्ज बहुधा फेटाळला जाईल. बाबांना त्याबद्दल सांगितलं तर म्हणाले, "आता कशाला? ते तिघं आता देवळात जातात." देऊळ वीस मिनिटं लांब आहे. बाबांच्या गुडघ्याला ते झेपत नाही, म्हणून ते पाच ते सात गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसतात. एकटेच. मधेच "चला" म्हणतात, सवयीने.

तेव्हा तुमच्याकडे एक मागणं आहे. आज घरी जाताना कुठेतरी बसा. दुकानाची पायरी, देवळाचा ओटा, पुलाचा कठडा, जे सापडेल ते. विकत काही घेऊ नका. फोन खिशात ठेवा. मुलींनो, तुम्ही तर नक्की बसा, दोघी-तिघी मिळून बसा हवं तर. वीस मिनिटं बसा. शेजारी कुणी येऊन बसलं तर जरा सरका. आणि तुमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय क्रमांक चार आला, तर फोनमधून डोकं वर काढून आधी नीट ऐका, मग हाताचं बघू.

बसलेलं असताना कुणी येऊन विचारेलच, "काय करताय इथे?"

सांगा, बसलोय.